पत्रिका जुळत नाही

१९७९ सालची गोष्ट. तुळशीची लग्ने आटोपली, की आमच्या घरी पोस्टमनची वाट पाहणे सुरू होई. थोरल्या बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू होते. ती पदवीधर होती, शाळेत शिकवत होती आणि दिसायलाही चारचौघींत उठून दिसेल अशी होती. पाहायला येणारी मंडळी पोहे खाऊन, कौतुक करून, खूश होऊन जात. मग आठ-दहा दिवसांनी पोस्टकार्ड येई. त्यावर बहुतेक वेळा एकच वाक्य असे, 'पत्रिका जुळत नाही.' पहिल्या दोन खेपांना वडिलांनी ते खरे मानले. तिसऱ्या खेपेला त्यांनी दोन्ही पत्रिका गावातल्या जोशीबुवांपुढे ठेवल्या. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळत होते.

खरे कारण वडिलांच्या आतेबहिणीने एकदा आईला स्वयंपाकघरात सांगितले. "मुलीत काही खोट नाही हो वहिनी. पण तुमच्या धाकट्या दिरांचं त्यांच्या कानावर गेलंय. रक्तातलं असतं म्हणतात ते."

माझे धाकटे काका मागच्या खोलीत राहत. इंटरला गणितात पहिले आलेले हे काका विसाव्या वर्षी एकाएकी बोलेनासे झाले. पुढे भिंतीपलीकडची माणसे आपल्याविषयी बोलतात असे म्हणू लागले. आधी देवऋषी झाले, मग जिल्ह्याच्या गावचे डॉक्टर झाले. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण पूर्वीचे काका काही परत आले नाहीत. त्यांनी जन्मात कोणावर हात उगारला नाही. आम्हा मुलांचे फाटलेले पतंग ते तासन्‌तास बसून चिकटवून देत. पाहुणे यायचे असले, की त्यांची रवानगी मळ्यात होई. पुढे पुढे तर कोणी सांगायच्या आधीच ते आपली कापडी पिशवी भरून दारात उभे राहत.

गावात म्हणत, 'त्यांची नजरच सांगते.' आणि घरात कुजबुज होई, 'रक्तातलं असतं.' ही दोन वाक्ये माझ्या डोक्यात घर करून राहिली. बँकेच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. तेव्हा लक्षात आले, की आमच्या स्वयंपाकघरातल्या या दोन वाक्यांचाच पाठपुरावा जगातल्या काही फार बुद्धिमान माणसांनी पन्नासहून अधिक वर्षे केला आहे. नजरेत, कानात, मेंदूच्या लहरींत मनोविकाराची काही मोजता येणारी खूण आहे का? आणि त्या खुणेचा धागा धरून रक्तातल्या जनुकापर्यंत पोहोचता येईल का? या शोधाचा आजवरचा जमाखर्च घरोघरच्या आईवडिलांनी समजून घ्यावा असा आहे.

नजर मोजणारी माणसे

मनातल्या बिघाडाची खूण अंगावर उमटलेली असणार, ही समजूत जुनी आहे. इटलीच्या लोंब्रोसोने १८७६ मध्ये कवटीच्या आणि जबड्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. जर्मनीच्या क्रेत्श्मरने १९२१ मध्ये असे मांडले, की सडपातळ बांध्याची माणसे स्किझोफ्रेनियाकडे झुकतात आणि गोलसर बांध्याची माणसे उन्माद-विषादाकडे. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ली हा इंग्रज अधिकारी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होता. या मंडळींची मोजपट्टी खरी होती, पण निष्कर्ष मोजण्याआधीच ठरलेला होता. त्यामुळे यातले काहीही शास्त्राच्या कसोटीवर टिकले नाही. शरीर मोजून माणसाविषयी मत बनवण्याच्या उद्योगाला हा इतिहास चिकटलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पण एक मोजमाप निराळे निघाले. १९०८ साली अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या डिफेनडॉर्फ या मनोविकारतज्ज्ञाने आणि रेमंड डॉज या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. डोळ्यांची हालचाल छायाचित्राच्या पट्टीवर टिपण्याची युक्ती डॉजने बसवली होती. मनोरुग्णांना समोर हलणाऱ्या लंबकाकडे पाहत राहायला सांगितले. तुम्ही-आम्ही लंबकाकडे पाहतो तेव्हा बुबुळे त्याच्याबरोबर सुतासारखी सरकतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची बुबुळे मागे पडत, मग उडी मारून लंबकाला गाठत, पुन्हा मागे पडत. 'स्किझोफ्रेनिया' हे नाव तेव्हा रुळलेही नव्हते. स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलरने ते त्याच वर्षी सुचवले.

हा दोष समोर बसलेल्या माणसाला दिसत नाही. उपकरण लावल्याखेरीज तो कळतच नाही. त्यामुळे आमच्या गावातल्या लोकांना काकांच्या नजरेत जे दिसे, ते हे नव्हते. त्यांना आपलेच भय दिसत असावे.

हा प्रयोग पुढे साठ-पासष्ट वर्षे जवळजवळ विसरला गेला. १९७३ मध्ये फिलिप होल्झमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो नव्या उपकरणांनिशी पुन्हा केला आणि पुढच्या वर्षी एक पाऊल पुढे टाकले. त्याने रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांचे डोळेही तपासले. ही माणसे धडधाकट होती, नोकरी-संसार करणारी होती. तरीही इतर लोकांच्या मानाने त्यांच्यात हा अडखळणारा डोळा कितीतरी अधिक प्रमाणात आढळला. आजार एकाला, पण त्याची पुसटशी खूण मात्र न आजारलेल्या भावंडातही! रक्तातले काहीतरी इथे यंत्राच्या पट्टीवर उमटत होते.

रक्तातले म्हणजे किती?

ही खूण इतकी महत्त्वाची का वाटली, हे समजण्यासाठी आनुवंशिकतेचा हिशेब थोडा पाहावा लागेल. अर्व्हिंग गॉट्समन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपले आयुष्य या हिशेबाला वाहिले होते. युरोपातल्या जुन्या अभ्यासांची एकत्र मांडणी करून त्याने जे आकडे काढले, ते १९९१ पासून पाठ्यपुस्तकांत आहेत. सर्वसाधारण समाजात शंभरातल्या साधारण एकाला आयुष्यात केव्हातरी स्किझोफ्रेनिया होतो. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला तो असेल तर शंभरात नऊ. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर तेरा. दोघांनाही असेल तर सेहेचाळीस. आणि एकाच बीजापासून झालेल्या, तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल, तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण शंभरात अठ्ठेचाळीस. नंतरच्या काही पाहण्यांत हे आकडे याहूनही कमी आले आहेत.

शेवटच्या आकड्याकडे जरा थांबून पाहावे. जनुके तंतोतंत सारखी, आई एक, गर्भाशय एक, घर एक, आणि तरीही निम्म्याहून अधिक वेळा दुसरे भावंड निरोगी राहते. म्हणजे हा आजार रक्तात नाही असे म्हणता येत नाही आणि तो सगळा रक्तातच आहे असेही म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. त्या उपासमारीच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या रक्तात काही एकाएकी बदलले नव्हते.

१९६७ मध्ये गॉट्समन आणि त्याचा ब्रिटिश सहकारी जेम्स शील्ड्स यांनी असे मांडले, की या आजाराचे एकच एक जनुक नसणार. उंचीची जशी पुष्कळ जनुके असतात आणि प्रत्येक थोडीथोडी भर घालते, तसेच इथेही असावे. त्यांची बेरीज आणि परिस्थितीचा भार मिळून एक मर्यादा ओलांडली गेली, की आजार प्रकटतो.

पण अशी बारीकसारीक जनुके शोधायची कशी? अडचण निदानापासूनच होती. मनोविकाराचे निदान डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून करतात. रक्त काढून हा आजार सांगता येईल अशी चाचणी तेव्हा नव्हती आणि आजही नाही. एकाच निदानाखालच्या दोन रुग्णांपैकी एकाला आवाज ऐकू येतात, तर दुसरा नुसता गप्प बसून असतो. इतक्या ढोबळ नावाखाली जनुक शोधणे म्हणजे 'ताप आलेला माणूस' एवढ्या वर्णनावरून जंतू शोधण्यासारखे होते.

म्हणून १९७२ मध्ये या दोघांनी एक आडवाट सुचवली. जनुक एका टोकाला आणि आजार दुसऱ्या टोकाला, तर मध्ये कुठेतरी मोजता येईल अशी एखादी खूण शोधावी. मधुमेहात अंगावर काही दिसायच्या आधी साखरेची चाचणी सांगते, तसे काहीतरी. या मधल्या खुणेला त्यांनी 'एंडोफिनोटाइप' म्हटले. हा शब्द त्यांनी टोळांचा अभ्यास करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांच्या १९६६ च्या लेखातून उचलला होता. बाहेरून न दिसणारी, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दिसणारी टोळांची लक्षणे त्या शब्दाने सांगितली होती. आपण त्याला 'आतली खूण' म्हणू.

आतली खूण म्हणून काय चालेल, याच्या अटीही पुढे २००३ मध्ये नीट लिहिल्या गेल्या. ती आजाराबरोबर आढळली पाहिजे. ती आनुवंशिक असली पाहिजे. आजार ओसरला तरी ती राहिली पाहिजे. घराण्यात ती आजाराच्या जोडीने उतरली पाहिजे. आणि रुग्णाच्या निरोगी नातेवाइकांतही ती इतरांपेक्षा जास्त आढळली पाहिजे. होल्झमनचा अडखळणारा डोळा या अटींत चांगला बसत होता.

दोन टकटक आणि विडीचे डाग

डोळ्यानंतर कानाची पाळी आली. अमेरिकेत डेन्व्हर येथे रॉबर्ट फ्रीडमन या मनोविकारतज्ज्ञाने केलेला प्रयोग कोणालाही समजेल इतका सोपा आहे. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींचा आलेख काढायचा आणि कानात अर्ध्या सेकंदाच्या अंतराने 'टक, टक' असे दोन आवाज करायचे. पहिल्या आवाजाला मेंदू ठळक प्रतिसाद देतो. दुसऱ्या आवाजाला बहुतेकांचा मेंदू फारसे लक्ष देत नाही. हे आत्ताच ऐकले, यात नवीन काही नाही, असे म्हणून तो जणू दार लोटून घेतो. स्किझोफ्रेनियाच्या पुष्कळ रुग्णांत हे दार लोटलेच जात नाही. दुसरा आवाजही पहिल्याइतकाच आत येतो. आणि त्यांच्या निरोगी नातेवाइकांपैकीही अनेकांचे तसेच होते.

हे वाचताना मला काका आठवले. पावसाळ्यात पागोळ्यांचा आवाज सुरू झाला, की ते कानावर हात ठेवून बसत. आम्हाला तो आवाज दहा मिनिटांनी ऐकूही येत नसे.

१९९७ मध्ये फ्रीडमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या टकटकीच्या दोषाचा माग त्यांनी पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जागेपर्यंत नेला होता. निकोटिन ज्याला जाऊन चिकटते अशा मेंदूतल्या एका ग्राहक-प्रथिनाचे जनुक नेमके त्याच जागी होते. एक जुने कोडेही त्यामुळे सुटल्यासारखे वाटले. हे रुग्ण इतकी धूम्रपानाची सवय का लावून घेतात? निकोटिनने त्यांच्या मेंदूतले ते उघडे दार थोडा वेळ लोटले जाते, असे प्रयोगात दिसले होते. काकांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर विडीचे पिवळे डाग कायमचे होते. आम्ही त्याला व्यसन म्हणत होतो, आणि ते व्यसन होतेच. विडी हे काही औषध नव्हे. पण त्या माणसाला त्या चार झुरक्यांत कदाचित थोडी शांतता मिळत असेल, हा विचार तेव्हा आमच्यापैकी कोणालाही शिवला नाही.

अशा खुणांची यादी मग वाढत गेली. अनपेक्षित आवाज आल्यावर तीनशे मिलिसेकंदांच्या सुमारास मेंदूत उठणारी लाट कमी उंचीची असणे. दिवा उजवीकडे लागला तर मुद्दाम डावीकडे बघायचे, या साध्या कामात चुका होणे. मोठ्या आवाजाने दचकण्याची तीव्रता. तळहाताच्या घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता. प्रत्येक खुणेमागे प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि आता जनुक हाती लागणार अशी आशा १९९० च्या दशकात सर्वत्र होती.

मिनेसोटाचा ताळेबंद

या आशेमागचे तर्कशास्त्र असे होते. आजार हा गुंतागुंतीचा, त्यामागे जनुके पुष्कळ. पण डोळ्याची एक हालचाल किंवा मेंदूतली एक लाट ही साधी गोष्ट. तिच्यामागे जनुके थोडी आणि प्रत्येकाचा वाटा मोठा असणार. तेव्हा थोड्या माणसांची तपासणी करूनही ती सापडतील.

पण २००७ मध्येच जोनाथन फ्लिंट आणि मार्कस मुनाफो या दोन संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांची छाननी करून शंका काढली, की या खुणांमागची जनुके आजारामागच्या जनुकांहून काही जास्त प्रभावी दिसत नाहीत. खरी परीक्षा २०१४ मध्ये झाली. मिनेसोटा विद्यापीठात विल्यम आयकोनो आणि त्याचे सहकारी १९८९ पासून जुळी भावंडे आणि त्यांचे आईवडील यांचा अभ्यास करत होते. त्यांच्याकडे सुमारे ४,९०० माणसांची सतरा प्रकारची मोजमापे होती. मेंदूच्या लहरी, डोळे, दचकणे, घाम सगळे त्यात होते. प्रत्येकाच्या जनुकसाखळीवरची पाच लाखांहून अधिक ठिकाणे तपासलेली होती. याहून नेटकी सामग्री मिळणे कठीण.

निकाल काय लागला? ही मोजमापे आनुवंशिक आहेत, हे जुळ्यांवरून पुन्हा पक्के झाले. पण कोणत्या जनुकामुळे, असे विचारल्यावर हाती जवळजवळ काहीच लागले नाही. ज्या जनुकांची नावे वर्षानुवर्षे घेतली जात होती, त्यांनाही म्हणावा तसा आधार मिळाला नाही. साधी वाटणारी डोळ्याची हालचालसुद्धा शेकडो-हजारो जनुकांच्या बारीक बेरजेतून घडते, असाच त्याचा अर्थ निघत होता. निकोटिनच्या त्या ग्राहकाला चालना देणारी औषधेही तयार झाली होती. ती मोठ्या चाचण्यांत टिकली नाहीत.

मला या मंडळींचे एका गोष्टीसाठी कौतुक वाटते. पंचवीस वर्षांच्या मेहनतीनंतर 'सापडले नाही' हे त्यांनी लेखांमागून लेख लिहून, आकड्यांसकट, जगापुढे मांडले. बुडीत खाती न लपवता काढलेला ताळेबंद किती दुर्मीळ असतो, हे बँकेत नोकरी केलेला माणूस सांगू शकेल.

जनुके सापडली ती दुसऱ्या वाटेने, आणि ती वाट निव्वळ संख्येची होती. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी आपापले नमुने एकत्र केले. २०१४ मध्ये ३६,९८९ रुग्णांच्या अभ्यासातून जनुकसाखळीवरची १०८ ठिकाणे निश्चित झाली. २०२२ मध्ये रुग्णांची संख्या ७६,७५५ झाली आणि ठिकाणे २८७. यातली बहुतेक ठिकाणे धोका किंचित, अगदी चिमूटभर वाढवतात. गंमत पाहा. गॉट्समनने १९७२ मध्ये सुचवलेली आडवाट जनुकांपर्यंत पोहोचली नाही, पण १९६७ मध्ये त्याने काढलेला नकाशा बरोबर ठरला. पुष्कळ जनुके, प्रत्येकाचा वाटा अल्प. २०१६ मध्ये तो वारला, तेव्हा हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

शंभरातले चार

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रश्नाकडे परत येऊ. काकांचा आजार पुतणीच्या रक्तात होता का?

गॉट्समनच्या त्याच कोष्टकात पुतण्या-भाच्यांचाही आकडा आहे. शंभरात चार. ज्या घरात असा कोणी नाही, तिथे एक. म्हणजे पोस्टकार्डे पाठवणाऱ्या मंडळींनी शंभरातल्या शहाण्णव निरोगी मुली नाकारल्या, कारण चारांची भीती होती. आणि ती मंडळी स्वतः तरी कुठे सुरक्षित होती? स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी सुमारे ६३ टक्के रुग्णांच्या जवळच्या आणि मधल्या नात्यात हा आजार कोणालाच नसतो, असेही त्याच हिशेबात दिसते. हे रुग्ण जन्मतात ते 'आमच्या घराण्यात असलं काही नाही' असे म्हणणाऱ्या घरांत.

मी अनेक वर्षे कर्जाच्या अर्जांवर शेरे लिहिले. जोखीम हा शब्द रोज वापरला. त्यातून एक शिकलो. शंभर कर्जांत किती बुडतील याचा अंदाज अनुभवाने बऱ्यापैकी बांधता येतो, पण टेबलापलीकडे बसलेला हा एक माणूस कर्ज बुडवील का, ते त्यावरून सांगता येत नाही. शंभरांचा आकडा एकाच्या कपाळावर चिकटवणे ही हिशेबातली चूक आहे, आणि लग्नाच्या बाजारात ती आपण सर्रास करतो.

डेन्मार्कमधल्या सारख्या जुळ्यांचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, दुसरा जन्मभर निरोगी राहिला. दोघांचीही लग्ने झाली, मुले झाली. १९८९ मध्ये गॉट्समन आणि बर्टेलसन यांनी त्या मुलांचा पुढचा हिशेब प्रसिद्ध केला. आजारी जुळ्याच्या मुलांत आजाराचे प्रमाण जितके, जवळजवळ तितकेच निरोगी जुळ्याच्या मुलांतही होते. म्हणजे बाहेरून निर्मळ दिसणारा माणूसही ती ठेव पुढे देत असतो. आणि २८७ ठिकाणांचा हिशेब मांडला, तर त्यातली थोडीफार ठेव हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाकडे आहे, लिहिणाऱ्याकडेही आहे. ज्याला 'स्वच्छ घराणे' म्हणतात, तसे घराणे पृथ्वीवर नाही.

हे न समजल्याने काय होऊ शकते, याचा दाखला इतिहासात आहे. जर्मनीत १९३३ च्या जुलैमध्ये 'आनुवंशिक आजार' असलेल्यांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याचा कायदा झाला. त्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि पुढे हजारो मनोरुग्णांना ठार मारले गेले. एवढे करूनही नंतरच्या पिढ्यांत तो आजार जर्मनीतून गेला नाही. जाणारच नव्हता. तो रुग्णालयात बंद केलेल्यांच्या रक्तात जितका होता, तितकाच कायदा करणाऱ्यांच्या समाजात पसरलेला होता.

आज कोणी असा कायदा करणार नाही. पण परदेशात काही खासगी कंपन्या प्रयोगशाळेतल्या भ्रूणांच्या जनुकांची बेरीज करून पुढच्या आजारांचे गुणांकन विकू लागल्या आहेत. त्यात स्किझोफ्रेनियाही आहे. छत्तीस गुणांच्या जागी दोनशे सत्त्याऐंशी गुणांची पत्रिका आली, एवढाच फरक. उद्या आपल्याकडच्या विवाह जुळवणाऱ्या मंडळींनी ती मागितली, तर मला नवल वाटणार नाही. मागितली, तर हे लक्षात असावे, की समाजातला सरासरी कल सांगणारा तो आकडा एका मुलाचे वा मुलीचे भविष्य सांगू शकत नाही.

याचा अर्थ धोका नाहीच, असा नव्हे. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर शंभरात तेरा हा आकडा डोळेझाक करण्याजोगा नाही. तो मुलांपासून लपवू नये. वयात येताना झोप उडाली, अभ्यास एकाएकी सुटला, संशय वाढला, तर लाज न बाळगता लवकर मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. गांजासारख्या गोष्टींपासून अशा घरातल्या मुलांनी दूरच राहावे. आणि लग्न ठरवताना आजार स्वतः मुलाला किंवा मुलीला असेल, तर तो सांगावा. लपवून केलेल्या लग्नांनी दोन्ही घरांची धूळधाण होते, हे मी पाहिले आहे. आमच्या घरात काकांना दोन वर्षे डॉक्टर मिळाला नाही, त्याचे कारण पैसा नव्हता. बहिणीचे लग्न व्हायचे आहे, बोभाटा नको, हे कारण होते. आजाराने जितके नुकसान केले, त्यात आमच्या लपवण्याने भर घातली.

मग डोळे आणि टकटक मोजण्याचा सगळा उद्योग वाया गेला का? तसे मला वाटत नाही. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत २०१६ पासून एक मोठा प्रकल्प चालू झाला. एकाच घरात एकाहून अधिक जणांना गंभीर मनोविकार आहे अशा कुटुंबांचा त्यात अभ्यास होतो. त्यात रुग्णांबरोबर निरोगी भावंडांचीही मोजमापे घेतली जातात आणि रक्तातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी वाढवून पाहिल्या जातात. इथे मला प्रश्नाची दिशा बदललेली दिसते. एकाच घरातली, एकाच रक्ताची दोन भावंडे. एक आजारी पडते, दुसरे तगते. तगणाऱ्याला कशाने तारले? आजवर आपण खोट शोधत होतो. आता आधार शोधायला हवा.

आमच्या बहिणीने तो प्रश्न आपल्या परीने तेव्हाच सोडवला होता. सहावे पोस्टकार्ड आल्यावर ती वडिलांना म्हणाली, "यापुढे जे येतील त्यांना आधी सांगा. आणि काका मळ्यात जाणार नाहीत." पुढची दोन स्थळे दारातूनच परत गेली. तिसऱ्या घरच्या गृहस्थांनी काकांना शेजारी बसवून घेतले आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत, ते विचारले. १९८१ च्या वैशाखात बहिणीचे लग्न त्या घरात झाले. तिची दोन्ही मुले, चारही नातवंडे खुशाल आहेत. हा काही पुरावा नव्हे. ती शंभरातल्या शहाण्णवांत निघाली, इतकेच. चारांत निघाली असती, तरी ती माझी बहीणच असती.

काका १९९६ मध्ये गेले. त्यांची खोली आवरताना दाराच्या खुंटीला ती कापडी पिशवी लटकलेली दिसली. आत एक सदरा, एक पंचा, विड्यांचा कट्टा आणि पतंगाच्या कागदाचे तुकडे होते. घरातली सगळी लग्ने केव्हाच उरकली होती. पंधरा वर्षांत कोणी त्यांना मळ्यात जायला सांगितले नव्हते. पिशवी मात्र भरलेलीच होती.